सायकलला रस्ता द्यायचा म्हणजे नेमकं काय द्यायचं?

सायकल आणि वाहतुकीचे नियम या विषयावर वाचकांचे प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली, आणि त्यांत संतापाचा वाटा मोठा आहे. गाडीवाले सायकलवाल्यांवर चिडलेले, सायकलवाले गाडीवाल्यांवर, आणि पायी चालणारे दोघांवर. मी नोकरीभर रस्त्यांचे आणि चौकांचे नकाशे काढले, ऑफिसला मात्र सायकलवरून जायचे, त्यामुळे सगळीकडच्या शिव्या माझ्या परिचयाच्या आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत. डावीकडून वाहतूक गृहीत धरून लिहिलं आहे. जिथे ती उजवीकडून चालते, तिथल्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.

प्रश्न: ताई, मी रोज गाडी चालवतो. सायकलवाले सिग्नल तोडतात, उलट दिशेने येतात, कर भरत नाहीत. यांना आधी नियम शिकवा, मग त्यांच्यासाठी रस्ता मागा, असं मी म्हटलं तर काय चुकलं?

उलट दिशेच्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. गल्लीतून मुख्य रस्त्याला लागताना डावीकडे वळणारा चालक उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. डावीकडून कुणी येईल हे त्याच्या मनातच नसतं. हेलसिंकीत १९९०च्या दशकात वळणाऱ्या चालकांच्या मानेच्या हालचाली टिपल्या, तेव्हा नेमकं हेच दिसलं होतं: ज्या बाजूने गाडीचा धोका नाही, त्या बाजूला मान वळतच नाही. त्यामुळे ‘मला दिसलाच नाही’ असं चालक सांगतो ते बहुतेक वेळा खरं असतं. दुहेरी सायकल ट्रॅक रस्त्याच्या एकाच बाजूला बांधला, तरी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी हाच घोळ होतो. जागा वाचते म्हणून तो सुचवणाऱ्यांशी मी नेहमी भांडत आले.

पण लोक उलटे का येतात, हेही बघावं लागतं. लांबलचक दुभाजक घातला आणि समोरच्या गल्लीत जायला पुढच्या चौकातून वळून यावं लागत असेल, तर गाडीवाल्याला पाय थोडा जास्त दाबायचा असतो. सायकलवाल्याला तेवढं अंतर घाम गाळून कापायचं असतं. दुभाजकात सायकलपुरती फट आणि मधे थांबायला जागा ठेवली, तर उलटं येण्याचं निम्मं कारण तिथेच संपतं.

आता सिग्नल. तुमच्या रागात दोन वेगळी माणसं एकत्र झाली आहेत. एक जण लाल दिवा दिसत असताना झेब्रावरच्या माणसांतून सायकल घुसवतो. त्याला खुशाल दंड करा. दुसरा हिरव्यावरच निघालेला असतो, पण चौकाच्या मध्यावर पोचेपर्यंत दिवा बदलतो. चौक २४ मीटर रुंद धरा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी तो पावणेदोन सेकंदांत ओलांडते. ताशी १२ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला सात सेकंदांहून जास्त लागतात. पिवळा दिवा आणि त्यानंतरचा ‘सगळीकडे लाल’ हा काळ मोटारीच्या हिशेबाने बेतलेला असेल, तर हा माणूस कायदा पाळूनही आडव्या वाहतुकीसमोर सापडतो. असं चार वेळा झालं की तो हिरव्याची वाट बघायचं सोडतो आणि चौक मोकळा दिसला की निघतो. मी याचं समर्थन करत नाही, पण सिग्नलचं वेळापत्रक लिहिणाऱ्या टेबलावर मी बसलेली आहे, आणि सायकलचा वेग किती धरायचा हा प्रश्न त्या टेबलावर फार उशिरा आला.

काही ठिकाणी कायद्यानेच वाट काढली आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ साली सायकलस्वाराला ‘थांबा’ या पाटीशी वेग कमी करून, कुणाची पाळी नसेल तर न थांबता पुढे जायची परवानगी दिली. डेलावेअरने २०१७ मध्ये आणि ऑरेगनने २०२० पासून तशीच मुभा दिली. पॅरिसमध्ये अनेक सिग्नलांखाली एक छोटी त्रिकोणी पाटी असते: सायकलने पायी चालणाऱ्यांना आणि आडव्या वाहतुकीला वाट देऊन लाल दिव्यावरही दाखवलेल्या दिशेने जायला हरकत नाही. सायकलवाल्याला दोन्ही बाजू स्वच्छ दिसतात, कानावर काच नसते, आणि पूर्ण थांबून पुन्हा निघताना पहिली काही मीटर तो डगमगतो. या गोष्टी लक्षात घेऊन केलेला नियम लाडाचा म्हणता येत नाही. मात्र गर्दीच्या मोठ्या चौकांना ही मुभा लागू नये, असं माझं मत आहे.

कराबद्दल एकच सांगते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सतत ट्रक फिरवून झीज मोजली होती. अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला की झीज साधारण सोळापट होते, असा ढोबळ नियम त्यातून निघाला. या हिशेबाने सायकलवाल्याकडून झिजेपोटी किती पैसे मागायचे, ते तुम्हीच मांडून बघा.

प्रश्न: आमच्या रस्त्यावर हिरव्या रंगाची सायकल लेन आखली आहे. तिच्यात गाड्या उभ्या असतात. मी पूर्वीसारखीच मधून चालवते, तर लोक हॉर्न वाजवून लेन दाखवतात. लेनमध्ये जाणं मला बंधनकारक आहे का?

कायद्याचं उत्तर देशागणिक बदलतं. काही ठिकाणी निळ्या गोल पाटीने ट्रॅक सक्तीचा होतो, काही ठिकाणी तो निव्वळ सोय म्हणून असतो. माझ्या मते सक्ती करायचीच नाही. ट्रॅक चांगला असेल तर लोक आपण होऊन त्यात जातात, आणि जात नसतील तर ट्रॅकमध्ये काय खोट आहे ते तपासायला टेप घेऊन जावं.

तुमच्या लेनवर टेप लावून बघा. सायकलचं हँडल साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर असतं. चालवताना माणूस दोन्हीकडे थोडा डोलतो, म्हणजे चालती सायकल सुमारे एक मीटर जागा घेते. उभ्या मोटारीचं दार उघडलं की तेही जवळपास एक मीटर बाहेर येतं. उभ्या गाड्यांना चिकटून सव्वा मीटरची लेन आखली, तर ती जवळजवळ सगळीच दारांच्या टप्प्यात येते. म्हणजे रंग तुम्हाला बरोबर तिथे बोलावतो जिथे तुम्ही जाऊ नये. ब्रिटनची वाहतूक नियमावली सायकलस्वाराला उभ्या गाड्यांपासून एक मीटर अंतर ठेवायला सांगते, आणि मोटारीतून उतरणाऱ्याला दारापासून लांबच्या हाताने दार उघडायला. लांबचा हात पुढे केला की खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. फुकटातली युक्ती आहे, घरात सगळ्यांना शिकवा.

कोपनहेगनमध्ये क्रमच उलटा लावलेला दिसतो: फुटपाथ, मग थोडा उंच सायकल ट्रॅक, मग उभ्या गाड्या, आणि त्यानंतर चालती वाहतूक. उभ्या गाड्या तिथे भिंतीचं काम करतात. जागा तेवढीच लागते, फक्त पट्ट्यांची अदलाबदल करायची. दारासाठी मधे अर्धा-पाऊण मीटर सोडला की झालं.

रंग पुरतो का, याचं उत्तर वेगावर आहे. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, आणि धोका लक्षात यायला एक सेकंद, असं धरू. ताशी ३० किलोमीटरची गाडी १३ मीटरांत थांबते. ताशी ५० ची गाडी तेवढ्या अंतरात अजून पहिल्याच सेकंदात असते, चालकाचा पाय ब्रेकवर पोचलेलाही नसतो. म्हणजे एक गाडी जिथे उभी राहते, तिथून दुसरी पूर्ण वेगाने जाते. नेदरलँड्सचा दंडक म्हणून सरळ आहे: गाड्या ३० च्या आत असतील आणि फार नसतील तर सायकलींना त्यांच्यातच चालू द्या, वेगळी लेन नको, ५० च्या रस्त्यावर वेगळा, कठड्याने तोडलेला ट्रॅक हवा. मधल्यामधे रंग मारून मोकळं होणं त्यात बसत नाही.

हा शहाणपणा त्यांनाही जन्मजात नव्हता. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ त्यातून उभी राहिली. लोक रस्त्यावर आडवे झाले. पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं, आणि मग नकाशे बदलले.

प्रश्न: माझी मुलगी कॉलेजला सायकलने जाते. चौकात ती नेहमी ट्रकच्या किंवा बसच्या डावीकडून पुढे जाऊन उभी राहते. मला धास्ती वाटते. माझं काही ऐकत नाही. तुम्ही सांगा.

तुमची धास्ती अगदी खरी आहे, तिला हे उत्तर वाचायला द्या.

आमच्या ऑफिसने एकदा मोकळ्या मैदानात चुन्याने चौकाचा कोपरा आखला, लांब ट्रक मागवला, त्याच्या डाव्या बाजूच्या मागच्या चाकाला ओला रंग लावला आणि चालकाला डावीकडे वळायला सांगितलं. कोपऱ्यापाशी, जिथे सायकलवाला थांबतो तिथे, मी एक प्लास्टिकची बादली ठेवली होती. चालक मुरलेला होता. ट्रक आधी थोडा उजवीकडे गेला, कारण लांब गाडीला वळायला तेवढा फेर घ्यावाच लागतो. मग वळला. पुढची चाकं बादलीपासून चांगली लांबून गेली. मागची चाकं मात्र पुढच्यांच्या मागून न जाता आतून कापत आली आणि बादली सपाट झाली. चालकाला ती आरशात सुरुवातीला दिसली होती. केबिन वळल्यावर आरशात फक्त ट्रकचीच बाजू दिसायला लागली. बादली गेल्याचं त्याला खाली उतरल्यावर कळलं.

मुलीला दोन गोष्टी सांगा. ट्रक उजवीकडे सरकतोय म्हणून डावीकडे जागा झाली असं कधीच समजायचं नाही. ती डावीकडे वळायचीच तयारी असू शकते. आणि मोठ्या गाडीच्या शेजारी उभं राहायचं नाही. एक तर मागे थांब, नाहीतर इतकी पुढे थांब की मान वळवल्यावर चालकाचा चेहरा तुला दिसेल. चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस.

हे झालं तिच्यापुरतं. पण सगळा भार मुलीच्या सावधपणावर टाकणं मला मान्य नाही. लंडनने १२ टनांहून जड ट्रकांना ‘चालकाला काचेतून थेट किती दिसतं’ यावर शून्य ते पाच तारे द्यायला सुरुवात केली, आणि २०२१ पासून पुरेसे तारे किंवा जादा सुरक्षा साधनं नसलेल्या ट्रकना शहरात फिरल्याबद्दल दंड लागू झाला. २०२४ मध्ये निकष आणखी कडक झाले. कायदा हा असा, गाडी कशी बनवली आहे तिथपर्यंत पोचायला हवा.

आणि चौक. माझं आयुष्य चौकांत गेलं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते. सलग रस्त्यावर कितीही सुंदर ट्रॅक बांधा, चौकाच्या तीस मीटर आधी तो संपवून ‘आता तुमचं तुम्ही बघा’ म्हटलं, तर सगळा खर्च पाण्यात. टक्कर तिथेच व्हायची असते. नेमका तोच भाग नकाशात मोकळा सोडायची खोड सगळीकडे आहे, कारण तिथे प्रत्येकाला जागा हवी असते आणि भांडण नको असतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाड्यांची थांबायची रेषा चार-पाच मीटर मागे घेऊन पुढची पट्टी सायकलींना देणं. त्याचा उपयोग दिवा लाल असेपर्यंत. तुम्ही पोचता पोचता हिरवा झाला तर ती पट्टी निरुपयोगी आहे, उलट तिच्याकडे जाणारी अरुंद वाट तुम्हाला ट्रकच्या बगलेत नेऊन सोडते. त्याहून बरा उपाय म्हणजे सायकलचा दिवा काही सेकंद आधी हिरवा करणं. आणि खरा उपाय डच चौकात आहे. तिथे प्रत्येक कोपऱ्यावर उंचवट्याचं एक छोटं बेट असतं. सायकलवाला बेटाच्या आतून येतो आणि गाड्यांच्या थांबारेषेच्या बराच पुढे, चालकाच्या नजरेसमोर थांबतो. वळणाऱ्या गाडीला बेटाला वळसा घालावा लागतो, म्हणून वेग उतरतो. सायकलींचा आडवा पट्टा मुख्य रस्त्यापासून सुमारे पाच मीटर आत असतो, त्यामुळे वळलेली गाडी त्याच्यासमोर जवळजवळ काटकोनात येते. चालकाला सायकल समोरच्या काचेतून दिसते, आरशात शोधावी लागत नाही. आणि त्या पाच मीटरांत एक मोटार थांबू शकते, मागची वाहतूक न अडवता.

‘पण मग आमचे ट्रक कसे वळणार?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत यायचा, आणि कोपऱ्याची त्रिज्या वाढवून मागितली जायची. त्रिज्या वाढवली की ट्रक वळतोच, पण मोटारीही ब्रेक न लावता वळतात. त्यावरही तोड आहे: कोपऱ्याला किंचित उंच, खडबडीत दगडी पट्टा घालायचा. ट्रकची मागची चाकं त्यावरून जातात. मोटारवाले खडखडाटाला कंटाळून तो टाळतात.

प्रश्न: धडक झाली की मोठ्या गाडीचीच चूक, हा कुठला न्याय?

चूक कुणाची आणि भरपाई कुणाची, हे प्रश्न वेगळे आहेत. डच वाहतूक कायद्याचं १८५ वं कलम दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतं. मोटारीची पायी चालणाऱ्याशी किंवा सायकलस्वाराशी टक्कर झाली, तर नुकसानभरपाईची जबाबदारी मोटारीच्या बाजूवर. टळण्यासारखं नव्हतंच, हे तिने सिद्ध केलं तर सुटका. सायकलवाल्याची चूक असली तरी प्रौढ माणसाला साधारण निम्मी भरपाई मिळते, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला जवळजवळ नेहमी पूर्ण. पैसे विमा कंपनी देते. याने मोटारवाला गुन्हेगार ठरत नाही; शिक्षेच्या खटल्याला वेगळा पुरावा लागतो. जो टनभर लोखंड घेऊन रस्त्यावर येतो, त्याच्या विम्यावर जोखीम जास्त, इतकाच हिशेब आहे. मला तो पटतो.

प्रश्न: हेल्मेटची सक्ती करावी का?

मी घालते. सक्ती नको म्हणते. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये पहिल्यांदा सक्ती केली, १९९४ मध्ये न्यूझीलंडने. पडल्यावर डोकं वाचवायला हेल्मेटचा उपयोग होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बैठकीत हेल्मेटचा विषय निघाला की चौकाचा विषय बाजूला पडतो, हे मी इतकं पाहिलं आहे की आता तो निघाला की मी घड्याळाकडे बघते. मागून आलेल्या ट्रकसमोर फोमचा तो तुकडा काही करू शकत नाही.

प्रश्न: दोघं शेजारी-शेजारी सायकल चालवत असतील तर त्यांना दंड नको का?

नको. ब्रिटनने जानेवारी २०२२ मध्ये नियमावली बदलली, तेव्हा शेजारी चालवायला हरकत नाही हे स्पष्ट लिहिलं, आणि ताशी ३० मैलांपर्यंत ओव्हरटेक करताना सायकलपासून किमान दीड मीटर अंतर ठेवायला सांगितलं. जर्मनीत २०२० पासून गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटरचं बंधन आहे. एवढं अंतर राखायचं तर साधारण रुंदीच्या रस्त्यावर तुम्हाला पलीकडच्या लेनमध्ये जावंच लागतं, मग सायकल एक असो की दोन. उलट दहा जणांची रांग ओलांडण्यापेक्षा पाच जोड्या ओलांडायला अंतर निम्मं लागतं. मागे मोठी रांग लागली असेल तर मात्र एकामागे एक व्हावं, हा साधा शेजारधर्म आहे.

प्रश्न: बॅटरीवरच्या वेगवान गाड्या सायकल ट्रॅकमध्ये शिरतात. त्यांना परवानगी असावी?

युरोपीय संघाने ओढलेली रेष मला योग्य वाटते: मोटर २५० वॉटपर्यंत, पायडल मारलं तरच मदत, आणि २५ किलोमीटरला मदत बंद. एवढं असेल तर ती सायकल. ४५ किलोमीटरपर्यंत मदत करणारी मोपेडच्या वर्गात जाते, तिला नंबर प्लेट लागते. अ‍ॅमस्टरडॅमने २०१९ मध्ये शहराच्या मोठ्या भागात हलक्या मोपेडही सायकल ट्रॅकवरून मुख्य रस्त्यावर काढल्या आणि चालकांना हेल्मेट लावायला लावलं.

प्रश्न: सगळं खरं, पण आमचा रस्ताच अरुंद आहे. ट्रॅकला जागा कुठून आणायची?

अरुंद रस्त्याला ट्रॅक लागत नाही, वेग उतरवावा लागतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्ये मोठे रस्ते सोडून सगळीकडे ताशी ३० ची मर्यादा आणली. पाटीसोबत रस्ताही तसा दिसायला हवा: गल्लीच्या तोंडाशी फुटपाथच्या उंचीचा उंचवटा, आणि इतकी कमी रुंदी की समोरून कुणी आलं तर एकाला थांबावंच लागेल. दुसरं, एकेरी रस्ते मोटारींना एकेरी ठेवून सायकलींना दुहेरी करा. फ्रान्समध्ये ३० च्या भागांत ही पद्धत सर्रास आहे. मघाशी मी उलट दिशेने येण्याला विरोध केला, आणि आता त्याचीच परवानगी मागते आहे. फरक असा की इथे पाटी आणि खूण पाहून समोरच्याला सायकल येणार हे आधीच माहीत असतं, आणि दोघं एकमेकांना समोरून बघत हळू येतात.

प्रश्न: गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकून मी पडलो. तक्रार कशी लिहू?

फार न लागो, अशी आशा करते. तक्रारीत ‘रस्ता खराब आहे’ असं लिहू नका. त्याला ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर येतं. असं लिहा: जाळीचे गज वाहतुकीच्या दिशेला समांतर आहेत, दोन गजांमधली फट इतक्या सेंटीमीटरची आहे, सायकलच्या टायरची रुंदी इतकी आहे, जाळी नव्वद अंशांत फिरवून किंवा आडव्या गजांची बसवून मिळावी. पट्टी ठेवून काढलेला फोटो जोडा, जवळच्या खांबाचा नंबर लिहा. चौकोनी जाळी असेल तर दोन माणसं ती उचलून फिरवू शकतात. तेही नमूद करा, म्हणजे निविदा काढायचं कारण उरणार नाही.